खोली नंबर सातचं तिसरं नाव

गेली चौदा वर्षं मी लोकांचे अंगठे घेत हिंडते आहे. सावकारी नव्हे, सरकारमान्य धंदा आहे. खांद्याला लॅपटॉपची बॅग, बॅगेत अंगठ्याचं यंत्र, एक छोटा कॅमेरा, ओला रुमाल आणि व्हॅसलिनची डबी. व्हॅसलिन अशासाठी, की धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या आणि गवंड्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषा यंत्राला दिसतच नाहीत. चोळून, पुसून, चार वेळा दाबलं की बहुधा उमटतात. घरमालक आणि भाडेकरू यांचा करार नोंदवायला पूर्वी निबंधकांच्या कचेरीत अर्धा दिवस मोडायचा. आता माझ्यासारखी माणसं घरी येतात. मालक चहा देतात, भाडेकरू सुट्टे पैसे शोधतात, आणि वीस मिनिटांत कायदा पार पडतो.

हा करार वाचून कुणी बघत नाही. वाचला असता तर पहिल्याच पानावर कळलं असतं की त्यात 'भाडेकरू' नावाचा माणूसच नसतो. असतो तो परवानगी घेऊन राहणारा. पाहुण्याला आपण 'या, बसा' म्हणतो, त्यातलाच प्रकार. फक्त बसायचं अकरा महिने, आणि बसायचे पैसे द्यायचे. बाराव्या महिन्यात मालक म्हणाले 'उठा', की उठायचं. अकराच का, असं मला प्रत्येक नवा भाडेकरू विचारतो. बारा महिन्यांचा करार नोंदवावा लागतो, अकराचा लागत नाही, असा एक समज घरोघरी आहे. आपल्या राज्यात अकराचाही नोंदवावाच लागतो, नाहीतर मी उपाशी मेले असते. तरीही सगळे अकराच म्हणतात. वडिलांनी अकराचा केला, म्हणून मुलगा अकराचा करतो.

मालकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चहाच्या किमतीत राहणारे भाडेकरू होते, त्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. पण त्या भीतीपोटी आजच्या भाडेकरूला जे सोसावं लागतं, ते बघून माझं डोकं चौदा वर्षं तापतंच आहे. सहा महिन्यांची अनामत रक्कम मागतात. भिंतीला खिळा मारायचा नाही, मासे तळायचे नाहीत, गावाहून आईवडील आले तर चार दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाहीत. एका निवृत्त प्राध्यापकांनी माझ्याकडून करारात सेहेचाळीस अटी घालून घेतल्या आणि भाडेकरूसमोर मला म्हणाले, "बाई, शेवटची अट: भाडेकरूने समाधानी राहावे." ते विनोद करत नव्हते. आणि फोनवरचा पहिला प्रश्न तर ठरलेला. भाडं किती देणार, हा नव्हे. "लोक कोण आहेत?"

आता मुद्द्याचं सांगते. त्यात शहाणपणा माझा होता, म्हणून ते मलाच सांगितलं पाहिजे.

हडपसरला आमच्या भागात एक अण्णा आहेत. मूळचे तिथलेच शेतकरी. जमिनीचा बराचसा तुकडा बिल्डरला गेला, उरलेल्यावर त्यांनी तीन मजले चढवून चोवीस खोल्या काढल्या. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर त्या महिन्याचं भाडं मागत नाही. पण भाड्याकडे तो पिकाकडे बघावं तसा बघतो: दर वर्षी वाढलंच पाहिजे, नाहीतर काहीतरी चुकलं.

त्यांच्या खोली नंबर सातमध्ये तांबोळी कुटुंब राहायला आलं. सादिक तांबोळी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. बायको रुबीना घरी ब्लाऊज शिवतात. मुलगी आयेशा तेव्हा तीन वर्षांची, मुलगा कडेवर. नवराबायको दोघंही पेठेत जन्मलेले. तिथली राहती इमारत पुनर्विकासाला गेली आणि यांच्या चुलत्यांनी आपापसात वाटे करून घेतले, यांच्या वाट्याला हडपसर आलं. त्याआधी अकरा घरं बघितली होती. रुबीनाताईंनी ते मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेही शुद्ध पुणेरी थाटात. "अकरापैकी नऊ जणांना घर आवडलं का, हे विचारायच्या आधी आडनाव विचारायचं होतं. दोघं सभ्य होते. त्यांनी घर कालच गेलं असं सांगितलं." अण्णांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पाण्याची मोटर दुरुस्त करता येती का?" येत होती. करार सादिकभाईंच्या नावावर झाला, अंगठा पहिल्या दाबाला उमटला.

त्याच सुमारास आमच्या प्रभागातल्या साहेबांना भाडेकरूंचा कळवळा आला. साहेब म्हणजे माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक. मधला वर्तमान बराच काळ रिकामा होता, आणि तो भरून काढायला काहीतरी हवं होतं. त्यांनी फलक लावले: 'परवडणारं भाडं, हक्काचं घर'. मग एक समिती नेमली. दोन घरमालक, एक वकील, एक बँकेतले निवृत्त गृहस्थ, आणि या विषयातली जाणकार म्हणून मी. भाडेकरू एकही नव्हता. हे मला तेव्हा खटकलं नाही. मी स्वतःला भाडेकरूंची बाजू समजत होते.

आम्ही घरमालकांसाठी एक वचनपत्र तयार केलं. दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेणार नाही, आणि त्याच भाडेकरूबरोबर पुन्हा करार करताना भाडं पाच टक्क्यांहून जास्त वाढवणार नाही. बदल्यात साहेबांचं कार्यालय कराराची सगळी कागदपत्रं फुकट करून देणार, पाण्याची ओरड झाली की वचन दिलेल्या इमारतीला टँकर आधी पाठवणार, आणि दारावर लावायला 'भाडेकरूस्नेही घर' अशी पितळी पाटी देणार. खडकवासल्यात धरण भरलं तरी आमच्या शेवटच्या गल्ल्यांत नळ कोरडेच असतात. त्यामुळे वचनाला पहिल्याच महिन्यात भरघोस सह्या मिळाल्या. त्या टँकरसाठी होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही.

'त्याच भाडेकरूबरोबर' हे शब्द माझे. एका बैठकीत मी ते वाक्य सांगितलं, वकिलांनी मान डोलावली, साहेब म्हणाले, "बाईंनी एका ओळीत प्रश्न सोडवला." मी घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

तांबोळींचे अकरा महिने भरत आले तेव्हा अण्णांचा फोन आला. "म्याडम, सात नंबर खाली करून घ्यायचाय. आयटीतली दोन पोरं आलीत, चार हजार जास्त देत्यात. ह्यांच्याकडून पाच टक्क्यांच्या वर घेता येत न्हाय, तुमीच लिवलंय. नव्या माणसाला कसली मर्यादा न्हाय."

मी गाडी काढून गेले. रुबीनाताई मशीनवर बसल्या होत्या, आयेशा खालच्या अंगणवाडीत रुळली होती, आणि सादिकभाई पुन्हा घर शोधायला फोनवर जाहिराती चाळत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात ती युक्ती आली. मी अण्णांना म्हटलं, "अहो, काढता कशाला? करार या वेळी बाईंच्या नावानं करू. कागदावर नवा भाडेकरू, नवं भाडं. चार हजार नका घेऊ, दोन घ्या. तुमचं वचन मोडत नाही, यांचं बिऱ्हाड मोडत नाही."

अण्णा खूश झाले. तांबोळी कुटुंबाला दोन हजार जड होते, पण सामान टेम्पोत घालण्यापेक्षा हलके होते. रुबीनाताईंनी अंगठा दिला आणि म्हणाल्या, "चला, कागदावर का होईना, घर माझ्या नावावर झालं." आम्ही सगळे हसलो. मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश होते, की वाटेत बाकरवडी घेतली.

चांगली युक्ती लपून राहत नाही. अण्णांनी ती शेजारच्या मालकाला सांगितली, त्यानं मेव्हण्याला. चारपाच महिन्यांत आमच्या भागातले सगळे करार करणारे लोक मालकांना आपणहून विचारू लागले: "गेल्या वर्षी नवरा होता ना? मग यंदा बायको घालू." साहेबांच्या वचनाचा एक शब्दही न मोडता भाडी आधी वाढायची तशीच वाढत राहिली. उलट थोडी जास्तच, कारण आता प्रत्येक करार नव्याचा होता. मला लाज वाटायला लागली. दुसऱ्या वर्षी समितीत मी ठिगळ लावलं: मागच्या दोन वर्षांत त्या घराच्या करारात ज्या ज्या व्यक्तीचं नाव आलं असेल, ती सगळी जुनीच माणसं धरायची. मंजूर झालं. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे मला कळायला आणखी थोडा वेळ लागायचा होता.

कारण पुढचे अकरा महिने भरले तेव्हा खोली नंबर सातमध्ये नवरा जुना झाला होता आणि बायकोही जुनी झाली होती. अण्णा म्हणाले, "आयटीवाली पोरं अजून इचारत्यात." सादिकभाई म्हणाले, "माझा धाकटा भाऊ आहे, हनीफ. मिरजेला असतो."

मी गप्प बसले नाही, एवढं तरी सांगते. मी म्हटलं, "तो इथं राहत नाही, त्याच्या नावानं करार करणं बरं नाही." त्यावर सादिकभाई म्हणाले, "मॅडम, मग कुठं राहू ते सांगा." मी हनीफला बोलावून घ्यायला सांगितलं. हनीफ सकाळच्या गाडीनं मिरजेहून आला, अंगठा दिला, कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला, वहिनीच्या हातचं जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. सरकारदरबारी पुढचे अकरा महिने खोली नंबर सातमध्ये तो राहत होता. जे चौघं राहत होते, त्यांचं नाव कुठंच नव्हतं. करार मी नोंदवला. माझ्या लॉगिनवर, माझ्या यंत्रावर.

चार महिन्यांनी रुबीनाताईंचा फोन आला. आवाजात इतका आनंद मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आयेशाचा नंबर लागला होता. खासगी शाळांमध्ये गरीब घरच्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा असतात, कायद्यानं असतात, फी सरकार भरतं, आणि सोडतीत ज्याचं नाव निघेल त्याला त्या मिळतात. घरापासून चालत दहा मिनिटांवरची चांगली शाळा. सादिकभाईंनी पेढे वाटले. अण्णांनीसुद्धा दोन खाल्ले. "आता फक्त कागद तपासून घ्यायचे राहिलेत," रुबीनाताई म्हणाल्या. "तुम्ही करारपत्राची प्रत काढून द्याल का?"

'प्रत' ऐकल्यावर मला नियम आठवला. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तो आई किंवा वडिलांच्या नावावर असावा लागतो, आणि अर्जाच्या वेळी चालू असावा लागतो. हे मला ठाऊक होतं. दर वर्षी त्या महिन्यात माझ्याकडे लोक ह्याच कामासाठी येतात. हनीफचा अंगठा घेताना, चारच महिने आधी, मला ते आठवलं नाही. तेव्हा आयेशा माझ्यासमोरच फरशीवर बसून बटणं निवडत होती.

पडताळणीला मी बरोबर गेले. आधार कार्डावर दोघांचा पत्ता अजून पेठेतला, तो शाळेपासून कितीतरी लांब. लाइटबिल अण्णांच्या नावाचं. सादिकभाईंच्या नावाचा करार दोन वर्षांपूर्वीचा, रुबीनाताईंचा संपलेला. चालू करार हनीफ तांबोळीचा. तपासणाऱ्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी सगळे कागद दोनदा बघितले आणि विचारलं, "मुलगी काकांकडे राहते का?"

"काका मिरजेत राहतात," रुबीनाताई म्हणाल्या. "आम्ही इथं राहतो. दोन वर्षं झाली."

"कागद उलटं म्हणतो."

मी रात्रभर विचार करून एक पत्र लिहून नेलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: हा करार दिराच्या नावावर करण्यात आला तो भाडेवाढीची मर्यादा टाळण्यासाठी, नावं बदलण्याची युक्ती मूळ माझी, प्रत्यक्ष राहणारं कुटुंब हेच, मी अधिकृत सेवादाता म्हणून हे लिहून देत आहे. खाली सही आणि माझा परवाना क्रमांक. मी ते बाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी फाइलला लावलं तर वर जाईल. तुमचा परवाना जाईल, कदाचित गुन्हाही होईल. आणि मुलीला प्रवेश तरीही देता येणार नाही. मला करार बघायचा असतो, कराराची गोष्ट नाही. लावू का?"

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं माझं मन म्हणालं. दोन्ही बाजूंनी नुकसानच असेल तर एका बाजूचं तरी वाचवावं. हा हिशेब करायला मला किती वेळ लागला असेल? रुबीनाताई माझ्याकडे बघत होत्या. मी पत्रासाठी हात पुढे केला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंत. दोघींचं नुकसान कशाला." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. आठवड्यानं ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. आयेशा महापालिकेच्या शाळेत जायला लागली. तिथं वाईट काही नाही, माझी दोन्ही मुलं तिथंच शिकली. पण जे तिला मिळालेलं होतं, ते आम्ही तिच्या हातातून काढून घेतलं, आणि मी स्वतःला भाडेकरूंची बाजू म्हणवत होते.

त्या रागात मी साहेबांच्या कार्यालयात गेले. राग त्यांच्यावर होता की माझ्यावर, हे तेव्हा वेगळं करता येत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, वचनपत्र बदला. मर्यादा माणसाला लावून उपयोग नाही, खोलीला लावा. खोली नंबर सातचं भाडं अमुक, ते वर्षाला पाच टक्क्यांनी वाढेल, आत कुणीही राहो. मग नावं बदलून कुणाला काही मिळणार नाही."

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. ते नेहमीच नीट ऐकून घेतात. मग म्हणाले, "बाई, बरोबर आहे तुमचं. पण मालक सह्या काढून घेतील. आणि खरं सांगू? मालकाच्या घरात आठ मतं. तुमच्या भाडेकरूची मतदार यादी सोलापूरला, नाहीतर लातूरला. खोलीला तर मतच नसतं."

"तांबोळींची मतं पुण्यातच आहेत," मी म्हटलं. "पेठेत."

"तेच म्हणतोय. माझ्या प्रभागात नाहीत."

निदान तक्रार नोंदवून घ्या, असं मी म्हटलं. त्यांच्या कार्यालयातल्या मुलीनं संगणकात बघून सांगितलं, "मॅडम, चालू करार हनीफ तांबोळींच्या नावावर दिसतोय. तक्रार रुबीना तांबोळींची आहे. त्या लाभार्थी नाहीत, त्यामुळे ती धरता येत नाही." ज्या युक्तीनं त्या बाईंचं नाव कागदावरून गेलं, त्याच युक्तीनं त्यांची तक्रारही गेली. त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं की उपक्रमाविरुद्ध एकाही भाडेकरूची तक्रार नाही. आर्ट पेपरवर, रंगीत. अण्णांना पितळी पाटी मिळाली तो फोटोही त्यात आहे.

दिल्लीला कायद्याचा नमुना होतो, मुंबईत त्यावर विचार होतो, प्रभागात त्याचं वचनपत्र होतं, आणि सगळीकडे भाडेकरूचं भलं करायला भाडेकरू सोडून बाकी सगळे बसलेले असतात. मालकाला सांभाळून, बिल्डरला न दुखवता, मतदार यादीकडे एक डोळा ठेवून जे काही उरतं, त्याला परवडणारं घर म्हणायचं. मला याची चीड येते आणि त्या टेबलावर मीही बसले होते याची जास्त येते. चौदा वर्षं मी हजारो घरांत गेले. एकाही भाडेकरूला मी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला कसला नियम हवाय.

हनीफच्या कराराचे अकरा महिने संपले तेव्हा अण्णांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी चौथं नाव कुणाचं, अशी चर्चा करायला. सादिकभाईंच्या मेव्हण्याचं नाव निघालं. रुबीनाताई शिलाई बाजूला ठेवून उठल्या.

"नाव माझं राहील," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव दोन वर्षांच्या आतलं हाय, ताई," अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या नावानं केला तर मला पाचच टक्के मिळत्यात. मला परवडत न्हाय. उगं वचन मोडल्यासारखं होतंय."

"वचन मोडू नका. वाढ मी आपणहून देते असं लिहा. मेव्हण्याकडून घेणार होतात तेवढीच घ्या. पण कराराच्या कागदावर रुबीना सादिक तांबोळीच पाहिजे. मुलाचा अर्ज दोन वर्षांनी भरायचा आहे."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. भाडेकरूनं आपणहून जास्त भाडं देऊ केल्याचं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मीही नाही. ज्या मर्यादेनं त्यांना वाचवायचं होतं, त्या मर्यादेतून सुटायला त्या पैसे मोजत होत्या.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मी लॅपटॉप फिरवून अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं, तर म्हणाल्या, "थांबा. वाचू द्या." पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी तो करार वाचला. चाळीस मिनिटं. अण्णा दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. मी चौदा वर्षांत पहिल्यांदा माझा करार कुणाला तरी वाचताना बघत होते, आणि वाईट मजकुराचं ओशाळं वाटत होतं.

"भाड्याची मर्यादा कुठं लिहिली आहे?" त्यांनी विचारलं.

"करारात नसते. ती वचनपत्रात असते."

"वचनपत्रावर सही कुणाची?"

"अण्णांची आणि साहेबांची."

"म्हणजे भाडं मी द्यायचं आणि वचन यांनी त्यांना दिलं." त्यांनी मान हलवली. "मला कुणी काही दिलंच नव्हतं. मी उगाच मोडलं मोडलं म्हणून रडत होते."

अण्णांनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग खाकरून म्हणाले, "म्याडम, वाढ निम्मीच लिवा." त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. कायद्यानं, समितीनं आणि पितळी पाटीनं जे केलं नाही, ते चाळीस मिनिटं गॅलरीत येरझारा घालून झालं असेल तर तेवढंच. पण एका माणसाला एका सकाळी ओशाळं वाटणं, ही काही भाड्याची व्यवस्था नव्हे. शेजारच्या इमारतीत त्याच आठवड्यात चौथी नावं पडत होती. तिथं मी जायला नकार दिला. दुसरा माणूस दहा मिनिटांत मिळाला.

साहेबांच्या समितीचा राजीनामा मी दिला आहे. त्यांनी तो अजून वाचला नसावा, कारण येत्या निवडणुकीच्या पत्रकावर जाणकार म्हणून माझं नाव आहे.

हा लेख म्हणजे ते पत्रच आहे, जे मी त्या दिवशी परत घेतलं. थोडं लांबलेलं आणि वर्षभर उशिरा दिलेलं. माझा परवाना अजून चालू आहे. अंक बाहेर पडल्यावर राहतो की जातो, ते संबंधितांनी ठरवावं. या वेळी मी हात पुढे करणार नाही.

छापायला देण्याआधी मी कागद घेऊन खोली नंबर सातमध्ये गेले. रुबीनाताईंनी सगळं वाचलं, मागे पानं उलटून पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "लोक ओळखतील. मुलगी मोठी होते आहे. तुमचं नाव बदलून घालते, अण्णांचं आणि साहेबांचं घातलेलंच नाही."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते एकदा काढलंत, तेवढं पुरे आहे."

म्हणून ते वर आहे तसंच ठेवलं आहे. रुबीना सादिक तांबोळी. नवरा, दोन मुलं, एक शिलाई मशीन. आज तीन वर्षं दोन महिने, सलग, त्याच खोलीत राहत आहेत.